दुखत नाही म्हणणारा खांदा

"खांदा परत बसलाय, बोराम. पण दार नुसतं लोटलंय, कडी लागलेली नाही. पोरंबाळं व्हायच्या आधी एकदा नीट दाखवून घे."

बांग बाई हे बोलल्या तेव्हा बोराम शाळेच्या हॉलच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या ओठांवरचा रंग अजून परतायचा होता. गोलवर फेकायला तिने हात मागे नेला, त्याच वेळी पलीकडच्या संघातल्या एका पोरीने मनगट धरून तो मागेच ओढला आणि खांदा जागचा निघाला. हँडबॉल शिकवणाऱ्या बांग बाईंनी तिथल्या तिथे तो बसवला. पोरंबाळं हा शब्द ऐकून बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"बाई, मी आता खेळणारच नाहीये," बोराम म्हणाली. "परीक्षेचा अभ्यास करणारेय. पुस्तकं उचलायला एवढा खांदा पुरे."

पुन्हा हशा झाला. बांग बाई हसल्या नाहीत. त्यांना स्वतःची दोन मुलं होती.

"पुस्तक ठेवलं तिथे गप पडून राहतं," त्या म्हणाल्या. "पोर राहत नाही."

बोरामने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. मग कॉलेज झालं, छंगजूमध्ये नोकरी लागली, मुन्सू भेटला, लग्न झालं आणि लेक झाली, युल. इतक्या वर्षांत खांद्याने नाव घ्यावं असं काही केलं नाही. कधी बसमध्ये वरची कडी धरताना आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. ती हात बदलायची. हळूहळू तिला हात बदलायची इतकी सवय झाली, की आपण काही बदलतोय हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

मग तो आंघोळीचा दिवस आला.

युल तेव्हा आठ महिन्यांची होती, नुकती बसायला-रांगायला लागलेली. सासूबाई किमचीसाठी, हिवाळ्यात पुरणाऱ्या तिखट लोणच्यासाठी, कोबी आणायला बाजारात गेल्या होत्या. मुन्सू कारखान्यात दिवसपाळीला. बोरामने टबमध्ये कोमट पाणी घेतलं, युलला डाव्या हातावर रेलून बसवलं, साबण धुतला आणि उजवा हात मागे, वर, टॉवेलकडे नेला. टॉवेल नेहमीच्याच दांडीवर होता. बोटं टॉवेलला लागली आणि खांद्यात आतल्या आत टुक झालं. हात आपला राहिलाच नाही. कुणी दुसऱ्याचा हात आणून शिवावा तसा तो लोंबकळला. कळ इतकी जोरात आली की ती पुढे वाकली आणि डाव्या हाताची पकड सैल पडली.

युल पाण्याखाली गेली. रडली नाही. पाण्याखाली कुणी रडत नाही. तिचे डोळे उघडे होते आणि ती पाण्यातून आईकडे बघत होती.

एका डाव्या हाताने, दंडाला धरून, बोरामने तिला वर ओढलं. पोर खोकली, शिंकली आणि मग तिने असं भोकाड पसरलं की तो आवाज बोरामला जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला. पोरीला छातीशी घेऊन ती ओल्या फरशीवर बसून राहिली. केव्हातरी खांदा आपोआप टुक करून जागेवर आला.

सासूबाई कोबीच्या जाळ्या घेऊन आल्या तेव्हा युल कोरडी, पावडर लावलेली, झोपलेली होती. बोरामने कुणाला काही सांगितलं नाही. मुन्सूलाही नाही.

न सांगण्याचं कारण होतं. किमची घालून झाली की सासूबाई गोहुंगला, समुद्राकाठच्या त्यांच्या गावी परत जाणार होत्या आणि जाताना युलला सोबत नेणार होत्या. तसं पक्कं ठरलं नव्हतं, पण बोलणं त्याच दिशेने चाललं होतं. "तुझा हात बरा होईस्तोवर," सासूबाई म्हणायच्या. "थंडी सरली की आणून सोडते. आमच्याकडे ऊन आहे, ताजा मासा आहे. तू झोप नीट काढ." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच नाही म्हणता येत नव्हतं. मुन्सूही म्हणाला, "अगं, आई चांगल्यासाठीच सांगतेय. सगळेच करतात."

सगळेच करतात हे बोरामला ठाऊक होतं. तिच्या आईनेही केलं होतं. शाळेत जायच्या वयापर्यंत बोराम डोंगरातल्या गावी आजीकडे वाढली. आई घ्यायला आली तेव्हा ती आजीच्या घागऱ्याआड लपली आणि विचारलं, "ही बाई कोण?" आई हसली होती. ते हसू बोरामला आता, स्वतः आई झाल्यावर, कळलं होतं.

सासूबाईंना हाताचं काहीतरी बिनसलंय हे दिसत होतंच. बोराम उजवा हात कोपरातून दुमडून अंगाशी धरून फिरायची. त्यांनी रोगाचं नावही ठरवून टाकलं होतं.

"बाळंतवारं आहे ते," त्या म्हणाल्या. "हाडात शिरलंय. शिरणारच. बाळंतपणाला महिना नाही झाला तर तू बर्फाची कॉफी प्यायलीस. मी बघितलं नाही असं वाटतं तुला?"

"आई, एकदाच प्यायले."

"वाऱ्याला एकदाच पुरतं."

म्हणून घराची फरशी खालच्या नळ्यांतल्या गरम पाण्याने तापवून तापवून अशी केली होती की मोजे घालून चालावं लागे. खांद्यावर लोकरी शाल. दोन्ही वेळ समुद्रशेवाळाचं गरम सूप. आणि रोज जेवण झालं की सासूबाई तिच्यामागे बसून उजवा हात वर घ्यायच्या, मागे न्यायच्या आणि ताणायच्या. वारं सांध्यातून निघून जावं म्हणून. बोराम दात आवळून बसायची. आवळलेल्या दातांना सासूबाई गुण येतोय असं समजायच्या.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर, त्यांना अनुभव होता. त्यांचा स्वतःचा खांदा धरला होता, तोच ज्याला सगळे पन्नाशीचा खांदा म्हणतात. केस विंचरता येईनात, शिंपल्यातली कालवं सोलता येईनात. त्यांनी गावच्या बागेतलं व्यायामाचं लोखंडी चाक रोज सकाळी फिरवलं, हात ताणला, रडत रडत ताणला आणि खांदा सुटला. आता तोच उपाय त्या सुनेला देत होत्या. स्वतःवर गुण आलेला उपाय दुसऱ्याला देताना माणूस किती ठाम असतो हे ज्यांना सासू आहे त्यांना सांगायला नको.

शेवटी दवाखान्यात जायचं बोरामनेच काढलं. बरं व्हायला ती चालली नव्हती. काही विशेष नाही, स्नायू आखडलेत, एवढं एका पांढऱ्या कोटाच्या तोंडून तिला हवं होतं. म्हणजे सासूबाई एकट्याच परत जातील.

"मीपण येते," सासूबाई म्हणाल्या आणि रुंद दुलईने युलला पाठीशी बांधून दारात उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, हाडं जागच्या जागी आहेत म्हणाले आणि त्यांना फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या प्यो मॅडम चाळिशीच्या आतबाहेरच्या होत्या. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या आणि मगच रुग्णाला लावायच्या. पडदा ओढला. सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या खांद्यावरून युलचं डोकं वर आलं.

"कधीपासून आहे?"

"बाळंतपणापासून," सासूबाई म्हणाल्या.

"यांना बोलू दे, आजी."

"बाळंतपणापासून," बोरामनेही सांगितलं.

प्यो मॅडमनी हात पुढून वर नेला, बाजूने वर नेला, पाठीमागे नेला. मग कोपर काटकोनात दुमडून हात बाजूला पसरवला आणि पंजा मागे, डोक्याच्या दिशेने वळवायला लागल्या. चेंडू फेकायला हात मागे न्यावा तसा. बोरामच्या छातीपासून पाठीपर्यंतचा प्रत्येक स्नायू एकदम आवळला. चेहरा मात्र तिने बदलू दिला नाही. संघात असताना ते शिकवलं होतं, चेहऱ्यावरून समोरच्याला काही कळू द्यायचं नाही.

"दुखतं?"

"नाही."

ते खोटं नव्हतं. दुखत नव्हतंच.

"इथे?"

"नाही."

प्यो मॅडमनी कपाळाला आठी घातली. "स्नायू फार घट्ट धरलेत तुम्ही. त्यामुळे मला पुढे जाता येईना."

"बघा," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "आखडलाय. मी काय सांगत होते?"

"तसं आत्ताच नाही म्हणता येणार, आजी. शनिवारी परत या. तोवर ताणू नका, जोर लावू नका."

पण सासूबाईंना जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं होतं. परतताना इमारतींच्या मधल्या अंगणात, जिथे म्हाताऱ्या बायका व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर हातपाय हलवत गप्पा मारतात, तिथे त्यांनी बोरामला थांबवलं.

"ये. चाक फिरव."

"आई, त्या नको म्हणाल्या."

"ताणू नको म्हणाल्या. हे ताणणं नाही, फिरवणं आहे."

बाजूच्या बाकावर बसलेल्या एका बाईने मान डोलावली. "फिरव गं पोरी. माझ्या सुनेचा कमरेचा वारा याच चाकाने गेला."

"कमरेचा कसा जाईल?" दुसरी म्हणाली. "हे खांद्याचं आहे."

"वाऱ्याला काय कळतं कशाचं आहे ते?"

सगळ्या हसल्या. बोरामने चाकाची मूठ धरली. चाक मोठं होतं, जवळजवळ तिच्या उंचीचं. खालून वर जाताना काही झालं नाही. वरून मागे जाताना तिने वेग कमी करायला पाहिलं, पण लोखंडाला स्वतःचा जोर असतो. तो हाताला वर घेऊन गेला, मागे घेऊन गेला आणि टुक.

तिने मूठ सोडली नाही. सोडली असती तर हात लोंबकळलेला दिसला असता. चाक आपोआप थांबेपर्यंत ती त्याला धरून उभी राहिली आणि ते थांबता थांबता खांदा परत सरकून आत गेला.

"झालं, आई."

सासूबाईंनी तिच्या कपाळाकडे बघितलं. तिथे घाम डबडबला होता.

"बघ," त्या समाधानाने म्हणाल्या. "वारं निघतंय."

त्या संध्याकाळी किमचीचे शेवटचे डबे भरून झाकणं लागली. मुन्सू म्हणाला की रविवारी सुट्टी आहे, आईला आणि युलला गाडीने सोडून येतो. कुणी विचारलंच नाही, ठरलं. सासूबाईंनी युलची पिशवी भरायला घेतली. मोजे, दुपटी, कापडी ससा. बोराम बघत राहिली. युल रांगत तिच्या उजव्या गुडघ्याशी आली आणि हात वर केले. बोरामने वळून डाव्या बाजूने तिला घेतलं. इवल्याशा पोरीला ती गोष्ट कळली असावी, कारण पुढच्या वेळी ती आपणहून डावीकडून आली. बोरामला ते चाकापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी परत तोच पडदा, तेच स्टूल. बोरामने मनाशी पक्कं केलं होतं. आज स्नायू आवळायचे नाहीत. सैल सोडायचं, हसायचं, "बरं वाटतंय" म्हणायचं. बरं वाटतंय म्हटलं की पिशवी रिकामी करता येईल.

"बरं वाटतंय," ती कोट काढायच्या आधीच म्हणाली.

प्यो मॅडम तिला कोट काढताना बघत होत्या. बोरामने आधी डावा हात बाहेर काढला, मग डाव्या हाताने उजव्या बाहीची कड धरून कोट खाली ओढला, जसं लहान मुलाचे कपडे काढावेत तसा.

"काय बरं वाटतंय?" सासूबाई म्हणाल्या. "काल रात्री भात वाढताना चमचा पडला हातातून. शाळेत म्हणे चेंडू फेकून लोकांचे गोल भरायची, आता पोर उचलवत नाही."

प्यो मॅडमचे हात चोळता चोळता थांबले.

"कुठला चेंडू?"

"हँडबॉल," सासूबाई म्हणाल्या. "मुन्सू लग्नाआधी कौतुकाने सांगायचा."

प्यो मॅडमनी बोरामकडे वळून विचारलं, "फेकताना कधी कुणी मागून हात धरला होता?"

सासूबाईंच्या पाठीवर युल त्यांच्या अंबाड्याची पिन काढायचा प्रयत्न करत होती.

"शाळेत," बोराम म्हणाली. "एकदा."

"निघाला होता?"

"बसवला होता बाईंनी. तिथेच."

प्यो मॅडमनी स्टूल ओढून तिच्याजवळ घेतलं. आवाज खाली आणला. "मग मागच्या वेळी मी चुकीचा प्रश्न विचारला तुम्हाला. दुखतं का म्हणून विचारलं. असला खांदा जागेवर असतो तेव्हा दुखत नाही. आज मी ते विचारणार नाही. मी हात न्यायला लागले आणि भीती वाटली की फक्त 'थांबा' म्हणा. मी तिथेच थांबेन, एक केसभरही पुढे जाणार नाही. कळलं?"

"हो."

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"मी कशाला? माझं काय होतंय त्याला?"

"राहू दे त्यांना," बोराम म्हणाली. तिला युल दिसायला हवी होती.

आधी डावा खांदा. तो पुढे, मागे, सगळीकडे सहज गेला. मग बोराम टेबलावर पाठीवर झोपली आणि प्यो मॅडमनी उजवा हात घेतला. एक तळवा कोपराखाली, एक मनगटाशी. हात बाजूला पसरला. पंजा छताकडे. मग हळूच, घड्याळाचा काटा सरकावा तसा, मागे.

बोराम छताकडे बघत होती. थांबा म्हणायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अजून थोडं. हात पूर्ण मागे जाऊ दे, त्या म्हणतील ठीक आहे आणि उद्याचा रविवार तसाच निघून जाईल. तिने स्नायू सैल ठेवले. इतके सैल तिने किती वर्षांत ठेवले नव्हते. आणि तीच चूक झाली, कारण स्नायू सैल होताच आतलं ते लोटलेलं दार तिला जाणवलं. कडी नव्हती. हात अजून जरासा मागे गेला. दार हललं. टॉवेलची दांडी, पाणी, उघडे डोळे.

तिने तोंडाने थांबा म्हटलं नाही. तिचा डावा हात मात्र टेबलावरून आपणहून उठला आणि प्यो मॅडमच्या मनगटाला घट्ट धरून बसला.

प्यो मॅडम थांबल्या. पडद्याआडच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"दुखतं का?"

"नाही."

"मग?"

"निघेल असं वाटतं."

"भीती?"

"हो."

"बरं. हात आहे तिथेच आहे. मी आता दुसरं काही करत नाही, फक्त तळवा ठेवते." त्यांनी आपला गरम तळवा बोरामच्या खांद्यावर समोरून ठेवला आणि मागच्या बाजूला अलगद दाबला. "आता?"

बोरामला आधी कळलंच नाही की काय बदललं. मग कळलं की तिचा डावा हात प्यो मॅडमच्या मनगटावरून सुटलाय. भीती नव्हती. तोच कोन, तोच हात, भीती नाही. त्यांनी पंजा अजून मागे नेला, मघापेक्षा कितीतरी जास्त, तरी नाही. कुणीतरी दाराला बाहेरून पाठ लावून उभं राहावं तसं झालं होतं.

"आता नाही वाटत," ती नवलाने म्हणाली.

"तळवा एकदम काढणार नाही मी. आधी हात खाली आणते." त्यांनी हात सावकाश पोटावर आणून ठेवला, मग तळवा काढला. "बसा. एक शेवटचं बघायचंय."

बोराम पाय खाली सोडून बसली. हात शेजारी लोंबता. प्यो मॅडमनी कोपराच्या वर धरून हात सरळ खाली ओढला, हळूच. खांद्याच्या हाडाखाली, जिथे गोलाई असते तिथे, एक खळगा पडला. अंगठा बसेल एवढा.

सासूबाई उठून जवळ आल्या होत्या.

"हा खड्डा कसला?"

"गोळा वाटीत घट्ट बसत नाही, त्याची जागा ती. आजी, तुमचा खांदा कधी धरला होता का?"

"धरला होता तर. चाक फिरवूनच—"

"तुमचा गंजलेला होता, म्हणून चाक लागू पडलं. यांचा सैल आहे. सैल झालेला खिळा हलवत राहिलं तर तो घट्ट होत नाही."

सासूबाई त्या खळग्याकडे बघत राहिल्या. तो आता भरला होता, खांदा परत गोल दिसत होता, पण त्या तिथेच बघत होत्या. "मी तर रोज हात ओढून देत होते हिचा," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

प्यो मॅडमनी बोरामच्या अंगावर कोट टाकला, उजवी बाही आधी. मग विचारलं, "बाळाचं करताना कधी निसटला?"

हा प्रश्न येणार हे बोरामला त्या हँडबॉलचं नाव निघालं तेव्हाच कळलं होतं. युलने अंबाड्याची पिन काढली होती आणि ती तोंडाकडे नेत होती. सासूबाईंनी मागे न बघता ती तिच्या मुठीतून काढून घेतली.

"आंघोळ घालताना," बोराम म्हणाली. "टॉवेल घ्यायला गेले. युल पाण्याखाली गेली होती."

सासूबाईंचा हात मागे गेला आणि दुलईखालच्या पोरीच्या ढुंगणावर थांबला.

"केव्हा?"

"तुम्ही कोबी आणायला गेला होतात तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही तिला घेऊन गेला असतात."

"गेलेच असते," सासूबाई म्हणाल्या.

प्यो मॅडमनी कामाचं तेवढं सांगितलं. त्या डॉक्टरांशी बोलतील, डॉक्टर सांध्यात औषध भरून आतलं चित्र काढायला लिहून देतील, वाटीची कड फाटली आहे का ते त्यात दिसेल. फाटली असेल तर ऑपरेशनचा विचार. नसेल किंवा थोडी असेल तर व्यायाम, महिनोन्महिने, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. चाक बंद. ताणणं बंद. उजव्या हाताने वरचं, मागचं काही घ्यायचं नाही. टब जमिनीवर, आपणही जमिनीवर बसायचं, टॉवेल आधीच मांडीवर. बाळ डाव्या कडेवर.

"आणि एकटीने आंघोळ नाही."

मग जे विचारायची बोरामची छाती होत नव्हती ते सासूबाईंनीच विचारलं.

"पोर हिच्याजवळ राहिली तर चालेल?"

"चालेल. सोबत कुणी असेल तर."

"सोबत कोण? मुन्सू पाळीवर असतो."

"ते मी कसं सांगू, आजी?"

घरी येताना दोघी चाकाच्या अंगणातून आल्या. बाकावरची बाई म्हणाली, "आज नाही का फिरवायचं?" सासूबाईंनी नुसती मान हलवली. बऱ्याच वेळाने, लिफ्टसमोर उभ्या असताना, त्यांनी विचारलं, "तुला कुणी वाढवलं गं? मुन्सू म्हणाला होता काहीतरी."

"आजीने. शाळेत जाईपर्यंत."

"आई न्यायला आली तेव्हा?"

"मी विचारलं, ही बाई कोण."

लिफ्ट आली. सासूबाई आत शिरल्या, युलचं डोकं दाराला लागू नये म्हणून तिरक्या वळल्या.

"कालवांच्या दिवसांत मी मुन्सूला माझ्या जावेकडे ठेवायचे," त्या बंद दाराकडे बघत म्हणाल्या. "तो तिलाच आई म्हणायला लागला. मला म्हणायचा, कालववाली."

लिफ्ट वर पोचली.

रविवारी सकाळी मुन्सूने किमचीचे डबे गाडीत रचले. युल जाणार की राहणार हे त्याने विचारलं नाही, बोरामने काढलं नाही. रात्री त्याला तिने सगळं सांगितलं होतं, पाण्याचंही. तो बराच वेळ तिच्या खांद्याला हात लावू की नको अशा बेताने बसून राहिला होता आणि शेवटी म्हणाला होता, "मग तर आईकडेच बरी नाही का युल, थोडे दिवस?" तेव्हापासून दोघं एकमेकांना टाळत होते.

युलची पिशवी मागच्या सीटवर होती. चेन पुरती न लागल्यामुळे ससा अर्धा बाहेर. बोराम युलला डाव्या कडेवर घेऊन इमारतीच्या दारात उभी होती. थंडी बोचत होती. सासूबाई खाली आल्या, पायात जाड मोजे, हातात ती रुंद दुलई. गाडीपाशी जाऊन त्यांनी आत वाकून बघितलं.

"युलची आई," त्यांनी हाक मारली.

बोराम जागची हलली नाही.

"कानात काय बोळे घातलेस? ही पिशवी घे. नको, तू नको घेऊस. मुन्सू, ही पिशवी वर ने."

"वर?" मुन्सू म्हणाला. "अगं आई, मग आपण—"

"किमची तुझ्या वडलांना पोचव आणि संध्याकाळपर्यंत परत ये. मी इथेच आहे."

"आणि कालवं? बाबा एकटे काय करतील?"

"सोलतील. बोट कापलं तर कळेल त्यांना मी इतकी वर्षं काय करत होते ते." त्या आधीच फोन लावत होत्या आणि बोलताना त्यांचा आवाज समुद्राकाठच्या बायकांसारखा वर चढला. "अहो, ऐकताय का? मी नाही येत. नाही, कुणी आजारी नाही. खांदा आहे. माझा नाही हो, हिचा. तुम्हाला सांगून कळणार नाही. पातेल्यात सूप आहे का बघा."

त्या संध्याकाळी आंघोळ झाली. टब जमिनीवर, बोराम त्याच्याजवळ चटईवर बसलेली, टॉवेल डाव्या मांडीवर घडी करून. युल पाण्यावर हात आपटत होती. आंघोळ सासूबाईंनीच घालावी असं बोरामने म्हणून बघितलं होतं, पण त्या म्हणाल्या, "भीती तुझी आहे. मी आंघोळ घातली म्हणून ती जाणार का?" आणि तिच्या मागे येऊन गुडघ्यांवर बसल्या. मग काही न विचारता त्यांनी आपला कालवांनी खरबरीत झालेला तळवा पुढे नेऊन तिच्या उजव्या खांद्यावर समोरून ठेवला आणि हलकेच मागे दाबला.

"आई, हे औषध नाही," बोराम म्हणाली. "प्यो मॅडमची नुसती तपासणी होती ती."

"नसेना का. धू तिचे कान."

बोरामने युलचे कान धुतले.

आतलं चित्र काढायचंय अजून. कड फाटली असेल का, ऑपरेशन होईल का, सासूबाई किती दिवस राहतील, हे कुणालाच माहीत नाही. बोरामला रोज वाटतं आज निसटेल. पण आता ती ते बोलून दाखवते.

हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत अशी कुणी असेल, जी लेकराला नेहमी एकाच कडेवर घेते, बसमध्ये वरच्या कडीला हात लावत नाही, कोट काढताना एक बाही शेवटी हळूच ओढते. तिच्याकडे जा. दुखतं का म्हणून विचारू नका, ती नाही म्हणेल आणि ते खरंही असेल. भीती वाटते का, ते विचारा. आणि ती उत्तर देईल तेव्हा तिच्या तोंडाकडे बघू नका, तिचा दुसरा हात काय धरायला उठतो तेवढं बघा.